साउंडबार की रिसीव्हर? कोकणातल्या घराचा हिशेब

टीव्हीखाली साउंडबार (एकाच लांब पट्टीतले स्पीकर) ठेवायचा, की रिसीव्हर (वेगवेगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर) आणून पाच स्पीकर आणि सबवूफर (खर्जाचा स्पीकर) मांडायचे? शहरातल्या फ्लॅटसाठी हा प्रश्न खोलीच्या मापावर आणि खिशावर सुटतो. गुहागर, रत्नागिरी, मालवणकडे त्याआधी दोन गोष्टी विचाराव्या लागतात: घराला छप्पर कसलं, आणि वर्षातून किती महिने कुलूप असतं?

किमतीचं पटकन उरकतो. मागचे स्पीकर आणि सबवूफर धरून बरा साउंडबार साधारण 20 ते 30 हजारांत येतो. रिसीव्हर आणि चांगले स्पीकर म्हटलं की 60 हजारांच्या खाली फारसं काही हाती लागत नाही. पण रिसीव्हरचा संच हप्त्याहप्त्याने जमवता येतो. आधी समोरचे दोन आणि मधला सेंटर स्पीकर घ्या, मागचे पुढच्या दिवाळीला. साउंडबारला ही सोय क्वचितच.

आता छप्पर. दुकानदार हमखास ॲटमॉसवाला (डॉल्बी कंपनीचं, डोक्यावरूनही आवाज आल्यासारखं भासवणारं तंत्र) महागडा साउंडबार पुढे करतो. त्यातले वर तोंड केलेले स्पीकर आवाज छताकडे फेकतात आणि तो आपटून आपल्या कानावर यावा, अशी योजना असते. डॉल्बीच्या शिफारशीप्रमाणे त्यासाठी छत सपाट आणि टणक हवं, उंची साडेसात ते बारा फूट. माजघरावर फळ्यांचा माळा असेल तर एक वेळ जमेल. नुसती उतरती कौलं असतील तर तो आवाज वाशा-रिपांत कुठेतरी हरवतो. तिथे ॲटमॉसच्या नावाने जास्तीचे पैसे मोजू नका. स्लॅबच्या घराला ही अडचण नाही.

रिसीव्हरची अडचण वेगळी. मागचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या दोन बाजूंना, किंचित मागे, नाकासमोरच्या रेषेपासून साधारण 110 अंशांच्या कोनात असायला हवेत. आपल्या माजघराला चहूबाजूंनी दारं. नेमकं तिथेच दार निघतं. चिऱ्याच्या भिंतीला ड्रिल लावलं की भोक फाकतं, म्हणून ब्रॅकेटपेक्षा स्टँड बरा.

पावसाळ्यात मात्र रिसीव्हरची खरी किंमत कळते. पडवीला पत्रा असेल तर जुलैत संवाद ऐकू येत नाहीत. आवाज वाढवावा तर पुढच्याच मारामारीत घर दणाणतं आणि आतून आजी ओरडते. सिनेमातले संवाद मुख्यतः सेंटर स्पीकरमधून येतात; रिसीव्हरमध्ये एकट्या त्यालाच दोन-तीन डेसिबल चढवता येतात, बाकीचे जागच्या जागी राहतात. साउंडबारमध्ये संवादासाठी वेगळा मोड असतो, पण स्वस्तातल्या बारमध्ये माणसं नाकातून बोलायला लागतात. दोन चॅनेलच्या (फक्त डावा-उजवा आवाज असलेल्या) बारला तर सेंटर नसतोच. रिसीव्हरबरोबर येणाऱ्या माइकने, स्पीकरचे आवाज जुळवण्यासाठी, खोलीचं मोजमाप करायचं असेल तर ते उघडीप बघून करा. पावसात केलं तर ते चुकतं. (तो माइक फक्त मोजमापाचा. त्याच्या भोकात भजनाचा माइक खुपसून काही होत नाही.)

खारी हवा दोघांनाही सोडत नाही. रिसीव्हरला जरा जास्तच धरते, कारण उघडी टोकं जास्त. सोललेली लखलखीत तांब्याची वायर एका पावसाळ्यानंतर बघा: आधी काळपट, मग हिरवी. शुद्ध तांब्याची, 16 गेज जाडीची वायर घ्या, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम नको, आणि टोकांना बनाना प्लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची पिन) लावा. स्पीकरच्या पडद्याभोवतीची कड रबराची बघा. फोमची दमट हवेत कुजून भुगा होते.

राहिली वीज. वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या गडगडाटात लोक प्लग काढतात आणि डिशची केबल तशीच ठेवतात. धक्का तिथून सेट टॉप बॉक्समध्ये शिरतो आणि एचडीएमआय केबलमार्गे (चित्र-आवाज नेणारी केबल) टीव्ही आणि रिसीव्हरकडे पुढे सरकतो. दोन्ही काढा. स्पाइक गार्डला अर्थिंग नसेल तर त्याचा भरवसा धरू नका; कातळावरच्या घरात मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालावं लागतं. एवढं करूनही जळालंच, तर साउंडबारचा बोर्ड गेला म्हणजे बहुधा अख्खा बार गेला. रिसीव्हर गेला तरी स्पीकर बहुतेक वाचतात. इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो साइन वेव्हचाच हवा, नाहीतर रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर घुमतो.

म्हणून माझं मत: गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरतं उघडणारं चाकरमान्याचं घर असेल तर साधा, ॲटमॉसशिवायचा साउंडबार घ्या आणि परतताना खोक्यात घालून मुंबईला न्या. बंद घरात रिसीव्हरच्या जाळीतून मुंग्या आणि पाली आत संसार थाटतात. बाराही महिने राहतं घर, एक खोली मोकळी, महिन्यातून दोन-चार सिनेमे नीट बसून बघणारी माणसं: तिथे रिसीव्हरच. फक्त बातम्या, मालिका आणि यूट्यूबवरचं दशावतारी नाटक बघायचं असेल तर तो खर्च नको. ते बहुतेक सगळं स्टिरिओत, म्हणजे दोन चॅनेलमध्येच येतं.

काहीही घेतलंत तरी पहिल्या दिवशी गाडी अडते ती ठरावीक ठिकाणी. आवाजच नाही? एचडीएमआयची केबल टीव्हीवरच्या ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज बाहेर देणारं पोर्ट) लिहिलेल्याच पोर्टला आहे का बघा. मागचे स्पीकर मुके? टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’वर असेल, तो ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘ऑटो’ करा. ऑप्टिकल केबलने 5.1 (पाच स्पीकर आणि सबवूफरचा आवाज) मिळतं, ॲटमॉस मिळत नाही. रिसीव्हर ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद पडत असेल तर आधी मागची टर्मिनलं टॉर्च मारून बघा. लाल वायरीचा केसाएवढा एखादा तंतू काळीला चिकटलेला सापडतो. आणि सतत घूं-घूं येत असेल तर डिशची केबल काढून पाहा. थांबली, तर दोष बहुधा रिसीव्हरचा नसून केबलच्या आणि घराच्या अर्थिंगचा आहे. दुकानदाराशी भांडण्याआधी वायरमनला बोलवा.