खुडूक कोंबडीच्या जागी साडेचारशेचा कंट्रोलर

आमच्या पेडण्याला पावसाळ्यात गावठी कोंबडी खुडूक बसली तरी अर्धी अंडी वाया जातात. म्हणून यंदा अंडी उबवायला मासळीवालीकडून थर्मोकोलची पेटी आणली (वास अजून पूर्ण गेलेला नाही), तिच्यात 40 वॅटचे दोन बल्ब आणि कॉम्प्युटरचा जुना पंखा बसवला आणि ऑनलाइन एसटीसी-1000 कंट्रोलर मागवला, म्हणजे तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारा. साडेचारशे रुपये.

वस्तू कामाची आहे, पण प्लग लावला आणि झालं, असं नाही. मागे नुसते स्क्रू. हीटरच्या दोन स्क्रूंना मी बल्ब जोडला, पेटेचना. वायरमन आला आणि हसला. "भाऊ, हा नुसता स्विच. ह्याला फेज तुम्ही आणून द्यायची." 230 व्होल्टचे स्क्रू उघडेच असतात, तेव्हा प्लास्टिकचा डबा आधी घ्या.

आणि आकड्यावर लगेच भरवसा नको. पंख्याच्या पेटीत अंड्यांना 37.5 अंश लागतं, इथे एक अंश म्हणजे थट्टा नव्हे. ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर आणि कंट्रोलरचा सेन्सर मी एकाच कोमट पाण्याच्या तांब्यात धरले. थर्मामीटर म्हणे 38.3, कंट्रोलर म्हणे 37.5. एफ-4 मध्ये, म्हणजे आकडा दुरुस्त करायच्या सेटिंगमध्ये, 0.8 भरलं, जुळलं. एफ-2, म्हणजे पेटण्या-विझण्यातलं अंतर, मुळात 0.5 वर असतं, म्हणजे बल्ब 37 ला पेटणार, 37.5 ला विझणार. मी 0.3 केलं, त्याखाली ते उतरत नाही.

हा कंट्रोलर तापमानाची नोंद मात्र काहीच ठेवत नाही. त्यासाठी फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणाऱ्या भाच्याने ईएसपी-32 हा वायफायचा छोटा बोर्ड आणि डीएस-18बी-20 हा तापमानाचा सेन्सर जोडून दिला. पहिल्या रात्री मोबाईलवर तापमान उणे 127! सेन्सरचा 4.7 किलोओमचा रेझिस्टर लावायचाच राहिला होता. मग दर पाच मिनिटांनी आकडा गुगल शीटमध्ये पडू लागला. सातव्या रात्री लाईट गेली, तिच्याबरोबर राउटरही गेला, आणि नेमके तेच दोन तास शीटमध्ये कोरे. ज्यासाठी एवढा खटाटोप, तेच नाही! आता ईएसपी पॉवरबँकवर चालतो आणि नोंद मेमरी कार्डावर जाते. पुढच्या खेपेला लाईट गेली तेव्हा दिसलं, दीड तासात पेटी 37.4 वरून 33.1 वर. तेव्हापासून लाईट गेली की गरम पाण्याच्या दोन बाटल्या आत.

24 अंड्यांतून 17 पिल्लं निघाली. विक्रेत्यावर मात्र राग आहे: पानावर सेन्सरची वायर दोन मीटर, हातात आली एक. दोनदा लिहिलं, उत्तर नाही. आता कंट्रोलर पिल्लांच्या खोक्यावर हलवलाय, पहिल्या आठवड्याला 35 अंश, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. वायर पुरत नाही म्हणून खोकं खिडकीखाली सरकवावं लागलं, आणि तिथे पागोळ्यांचे शिंतोडे येतात.