विद्यार्थ्याच्या खिशाला माशांची कोणती टाकी: समुद्री की गोड्या पाण्याची?

समुद्री टाकीचा मोह कुणाला होत नाही! पण खरा खर्च टाकी विकत घेतल्यावर सुरू होतो. एक लिटर पाण्याला साधारण ३५ ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे ६० लिटरच्या टाकीत दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललं तरी दोनशे ग्रॅमच्या वर मीठ संपतं. प्रवाळ ठेवायचे तर प्रखर दिवे हवेत, कॅल्शियम तपासत राहायचं. शिवाय बाष्पीभवनाने पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. परीक्षेच्या आठवड्यात गोडं पाणी टाकायला विसरलात तर पाण्याचा खारटपणा वाढतो आणि टाकीतले जीव धोक्यात येतात.

गोड्या पाण्याची, झाडांची टाकी कितीतरी समजूतदार. जावा फर्न, अनुबियास या पाणवनस्पती मंद उजेडात वाढतात. फक्त त्यांचं जाड आडवं खोड वाळूत पुरू नका, कुजतं. दगडाला दोऱ्याने बांधा. चेरी कोळंबी रमली की आपसूक वाढते. सुटीत आठवडाभर खाणं नाही मिळालं तरी धडधाकट, पूर्ण वाढलेले मासे तग धरतात.

माशांची घाण पचवणारे जिवाणू टाकीत रुजेपर्यंतचे चार ते सहा आठवडे मात्र दोन्हीकडे थांबावंच लागतं. शिकत असेपर्यंत मी गोड्या पाण्याचीच टाकी सुचवेन, आणि पैसे वाचवायचेच तर ते सजावटीत वाचवा, पाणी तपासायच्या किटमध्ये नको.