जुन्या डेस्कटॉपला ग्राफिक्स कार्ड घ्यावं की आहे त्यावरच भागवावं?

चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम आणि छोटा एसएसडी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात टिळक रोडवर रिफर्बिश्ड डेस्कटॉप घ्यायला गेलात, की बहुतेक वेळा असंच मशीन समोर येतं. पाठोपाठ प्रश्न येतो, "सोबत ग्राफिक्स कार्ड टाकून देऊ?" हो म्हणायच्या आधी कॅबिनेट उघडायला सांगा आणि रॅमच्या किती स्टिक लावल्यात ते बघा.

या प्रोसेसरमध्ये इंटेलचं एचडी ४६०० हे पडद्यावर चित्र काढणारं ग्राफिक्स आधीच असतं. त्याला स्वतःची मेमरी नाही, ते रॅममधूनच काम भागवतं. डीडीआर३-१६०० या प्रकारच्या रॅमची एकच स्टिक असेल तर सेकंदाला १२.८ जीबी डेटा ये-जा करू शकतो, जोडीनं दोन लावल्या तर २५.६ जीबी. शेजारच्या मुलाच्या मशीनमध्ये ८ जीबीची एकच स्टिक होती आणि बाजूचा स्लॉट धुळीनं भरलेला. तसलीच दुसरी जुनी स्टिक लावली आणि त्याचा अडखळणारा गेम खेळण्यासारखा झाला. कार्ड घ्यावंच लागलं नाही.

आता एनव्हिडियाचं जीटी ७१० हे कार्ड बघा. डीडीआर३ मेमरी, ६४ बिटचा बस (मेमरीपर्यंतचा रस्ता), म्हणजे सेकंदाला १४.४ जीबी. बॉक्सवर '२ जीबी' ठळक छापलेलं असलं तरी रस्ता अरुंदच. दोन स्टिकवाल्या एचडी ४६०० ला काढून हे बसवण्यात गेमसाठी काहीच हशील नाही. मात्र झिऑन ई३-१२३० व्ही३ सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सच नसतं, किंवा कधी मदरबोर्डचा डिस्प्ले पोर्ट गेलेला असतो. तिथे पडद्यावर चित्र येण्यापुरतं हे १९ वॉटचं कार्ड चांगलं.

सगळ्यात जास्त फसगत जीटी ७३० मध्ये होते, कारण त्या एका नावाखाली तीन वेगळी कार्डं विकली गेली. एक जुन्या फर्मी चिपचं, ९६ कोअरचं (कोअर म्हणजे चित्राची गणितं करणारे छोटे भाग) आणि तब्बल ४९ वॉट खाणारं. दुसरं केप्लर चिपचं, ३८४ कोअरचं, पण मेमरी डीडीआर३, म्हणजे पुन्हा तेच १४.४. तिसरं केप्लरच, पण जीडीडीआर५ या वेगवान मेमरीचं, सेकंदाला ४० जीबीचं. घ्यायचंच तर फक्त हे तिसरं. '४ जीबी' या आकड्याला भुलू नका. दुकानातच जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून मेमरीचा प्रकार आणि बसची रुंदी वाचा.

जीटी १०३० लाही हाच रोग आहे: जीडीडीआर५ वालं ४८ जीबीचं, डीडीआर४ वालं जेमतेम १६.८ चं. पण जीडीडीआर५ वालं मिळालं तर घरच्या वापराला माझी पहिली पसंती त्यालाच. ३० वॉट, वेगळी पॉवर केबल नको, बारक्या कॅबिनेटमध्ये बसणारा लो-प्रोफाइल प्रकारही मिळतो. यूट्यूबवरचा व्हीपी९ आणि दुसरा एचईव्हीसी, या आकसून साठवलेल्या प्रकारांतले व्हिडिओ ते स्वतः उलगडतं. एचडी ४६०० ला ते पूर्णपणे जमत नाही, त्यामुळे ४के लावलं की सगळा भार प्रोसेसरवर येतो. १०३० मध्ये व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ आकसून साठवणारा भाग) मात्र नाही. स्क्रीन रेकॉर्डिंग करणार असाल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) इंटेलचं ग्राफिक्स चालू ठेवा, त्याचा क्विक सिंक हा एन्कोडर कामाला येतो.

निव्वळ गेमसाठी २०१४ चं जीटीएक्स ७५० टीआय अजूनही १०३० च्या पुढे आहे: ६४० कोअर, ८६.४ जीबी, ६० वॉट. सेकंडहँड घेताना पंखा हातानं फिरवून बघा. काही मॉडेलना ६-पिन केबल लागते आणि ऑफिसच्या मशीनमधल्या पॉवर सप्लायला ती सहसा नसते.

ड्रायव्हरचंही, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचंही, लक्षात घ्या. केप्लर चिपच्या कार्डांना नियमित ड्रायव्हर २०२१ नंतर आले नाहीत. ७५० टीआय आणि १०३० चे गेमसाठीचे नियमित ड्रायव्हरही ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले. इंटेलनं तर सुरक्षेच्या कारणावरून चौथ्या पिढीच्या ग्राफिक्सचं डायरेक्टएक्स १२ (गेमना ग्राफिक्स वापरू देणारी विंडोजची सोय) च बंद केलं, म्हणून फक्त त्यावर चालणारे गेम एचडी ४६०० वर उघडणार नाहीत. व्हॅलोरंट या गेमची किमान अट मात्र त्याच्याही आधीच्या एचडी ४००० ची आहे.

टायपिंग, टॅली, ऑनलाइन क्लास एवढंच काम असेल तर कार्डाचे पैसे रॅम आणि एसएसडीत घाला. आणि कार्ड घेतलंच, तर मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टातून काढून कार्डाच्या पोर्टात लावा. 'नवीन कार्डानं काही फरकच पडला नाही' म्हणणाऱ्यांच्या घरी मी आधी मशीनच्या मागे जाऊन तेवढंच बघतो.