लेयर मॅश आणायला गेले अन् ढेप बंद करून आले (अमळनेर)

धुळे रोडकडचं खाद्याचं दुकान, त्याबद्दल लिहायचं कधीचं राहून जात होतं. माझ्या मळ्यात ४० कावेरी जातीच्या कोंबड्या आहेत, रोज २२-२३ अंडी यायची ती मार्चात ११-१२ वर आली, त्यातली दोन-तीन तर इतक्या पातळ कवचाची की उचलताना बोट आत जायचं. आधी ज्याच्याकडून खाद्य घ्यायचे तो म्हणे ऊन वाढलंय, होतं असं, अन् एक टॉनिकची बाटली हातात दिली. पैसे गेले, फरक शून्य.

मग इथे गेले. गोणी मागितली तर दुकानाच्या काकांनी आधी अहिराणीतच विचारलं, "ताई, कोंबड्यास्ले आखो काय टाकतस?" (कोंबड्यांना आणखी काय टाकता?) मी सगळं सांगितलं, म्हणजे लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) अर्धं, त्यात घरची दादर ज्वारी अर्धी कारण मॅश महाग पडतं, वर गाईची सरकी ढेप मूठ मूठ, आणि उरलेली कळण्याची भाकरी. काकांनी तिथेच पावतीच्या मागे हिशोब मांडला. मॅशमध्ये प्रोटीन १७ टक्के, दादरमध्ये १० च्या आसपास, अर्धं-अर्धं केलं की साडेतेरा, आणि कॅल्शियम ३.७ चं थेट पावणेदोन-दोनवर, कारण ज्वारीत कॅल्शियम जवळपास नाहीच. एका अंड्याच्या कवचात दोन-सव्वादोन ग्रॅम कॅल्शियम जातं, कोंबडी दिवसाला १००-११० ग्रॅम खाते, खाल्लेल्यातलं अर्धंच अंगी लागतं, मग ती उरलेलं स्वतःच्या हाडांतून काढते अन् तेही पुरेना झालं की अंडी कमी करते. हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं, दोन कोंबड्या लंगडत होत्या त्याचं कारण तेव्हा कळलं.

ढेपेचं तर मला माहीतच नव्हतं! आपल्याकडे कापूस, सरकीची ढेप घरोघरी, ढोरं खातात तर कोंबड्या का नको असं मी धरून चालले होते. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, ते बलकातल्या लोहाला धरून बसतं आणि बलक हिरवट-तपकिरी पडतो, अन् सरकीतल्या तेलामुळे ठेवलेल्या अंड्याचा पांढरा भागसुद्धा गुलाबी होऊ शकतो. माझ्या गिऱ्हाईकांनी दोनदा अंडी परत केलेली, मी उन्हावर ढकलत होते.

त्यांनी सांगितलं ते असं, ढेप पूर्ण बंद, मॅश नुसतं द्या, दादर संध्याकाळी फक्त मूठभर उधळायला. आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात संध्याकाळी ठेवायचा, पिठासारखा नको, ज्वारीच्या दाण्याएवढा जाड, कारण कवच तयार व्हायला २० एक तास लागतात, त्यातलं बरंचसं काम रात्री होतं जेव्हा कोंबडी काही खात नाही, तर जाड खडा पोटात हळूहळू विरघळत राहतो. उन्हाळ्यात खाद्य पहाटे आणि दिवस कलल्यावर, दुपारी नाही, आणि पाणी सावलीत माठाचं, अंड्यात पाऊण भाग पाणीच असतं म्हणे.

पाच-सहा दिवसांत कवच टणक लागायला लागलं, अंड्यांचा आकडा मात्र सावकाश सरकला, तीन आठवड्यांनी २०, आता २३-२४. एकदम जादू होईल असं समजून जाऊ नका. बलकाचा रंग सुधारायलाही दहा-बारा दिवस गेले, आता पिवळाधमक आहे, मॅशमधल्या पिवळ्या मक्यामुळे.

सगळ्यात आवडलं ते हे की माझ्याकडे दहा आठवड्यांच्या १५ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) पण आहेत, त्यांनाही हेच घालते म्हटल्यावर काकांनी लेयर मॅशची दुसरी गोणी द्यायला नाही म्हटलं, एवढं कॅल्शियम लहान पक्ष्यांची किडनी खराब करतं, अंड्यावर येईपर्यंत ग्रोअरच (वाढत्या पक्ष्यांचं खाद्य) द्या म्हणाले आणि तेच दिलं, जे स्वस्त होतं. हातचं जास्तीचं गिऱ्हाईक सोडणारा दुकानदार मला दुसरा भेटलेला नाही.

आता तक्रारी. मॅशमध्ये धूळ जास्त, कोंबड्या दाणे टिपतात आणि पीठ तळाला राहतं, मी थोडं पाणी शिंपडून तेवढंच त्या वेळी संपेल असं देते. गोणीवरची तारीख नीट वाचता येत नाही. जुलैत एक गोणी आतून गाठी झालेली अन् कुबट वासाची निघाली, बुरशीचं खाद्य कोंबडीच्या लिव्हरला घातक म्हणून मी परत नेली, काकांनी बदलून दिली पण दुकानातला पोरगा आधी कुरकुरला. पावसाळ्यात तिथेच गोणी उघडून हात घालून बघा आणि वास घ्या, लाजू नका. गुरुवारी बंद. ५० किलोची गोणी मला १,६५० ला पडली, ४० कोंबड्यांना अकरा दिवस जाते. शेलग्रिट (तोच शिंपल्याचा चुरा) सुटी मिळते, चार-पाच किलो सोबतच घ्या, नाहीतर परत खेप पडते.