पीपीएमआयचा खुला डेटा : कंपवाताच्या नवोदित संशोधकांसाठी

कंपवातावर, म्हणजे पार्किन्सन्सवर, पीएचडी करू पाहणाऱ्याची पहिली अडचण रुग्ण मिळवण्याची असते. नुकतेच निदान झालेले, औषध सुरू न झालेले रुग्ण शोधून त्यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणे शिष्यवृत्तीच्या मुदतीत कोणालाच जमत नाही. मायकेल जे. फॉक्स फाउंडेशनने २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘पार्किन्सन्स प्रोग्रेशन मार्कर्स इनिशिएटिव्ह’ अर्थात पीपीएमआय या अभ्यासाचा डेटा ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो, तोही विनामूल्य. ऑनलाइन अर्ज करून वापराच्या अटी मान्य केल्या की हालचालींच्या तपासण्यांपासून डॅटस्कॅनपर्यंतची (मेंदूतील डोपामिन यंत्रणा दाखवणारी प्रतिमा-तपासणी) माहिती नामवंत प्राध्यापकाइतकीच नवख्या विद्यार्थ्यालाही मिळते. माझ्या विद्यार्थ्यांना मी तो आवर्जून सुचवते.

मात्र त्यासोबत मार्गदर्शक हवाच. डेटा अनेक तक्त्यांत विखुरलेला असून रुग्णाचा क्रमांक आणि भेटीचा संकेत यांवरून ते तक्ते जोडावे लागतात. ‘बीएल’ ही सुरुवातीची भेट, तर ‘व्ही०४’ ही बारा महिन्यांनंतरची, हे लवकर अंगवळणी पडते. खरी जोखीम एमडीएस-यूपीडीआरएस या कंपवाताची तीव्रता मोजणाऱ्या गुणपट्टीच्या तिसऱ्या भागात आहे; तिच्यात जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. डॉक्टर प्रत्यक्ष तपासून १३२ पैकी जे गुण देतात, ते लेव्होडोपा या कंपवातावरील औषधाचा परिणाम असताना, म्हणजे ‘ऑन’ अवस्थेत, कमी येतात आणि तो ओसरल्यावर, म्हणजे ‘ऑफ’ अवस्थेत, वाढतात. दोन्ही अवस्थांचे गुण सरसकट एकत्र केले, तर वाढत चाललेला आजार जागीच थांबल्यासारखा दिसतो आणि प्रबंधाचे अख्खे प्रकरण चुकीच्या पायावर उभे राहते.

दुसरी मर्यादा आपल्यासाठी अधिक गंभीर आहे. सहभागींपैकी बहुसंख्य गौरवर्णीय आणि उच्चशिक्षित आहेत, शिवाय एलआरआरके२ जनुकातील जी२०१९एस हा बदल असलेल्यांना त्यात मुद्दाम सामावून घेतले आहे. भारतीय रुग्णांत हा बदल क्वचितच आढळतो, त्यामुळे या अभ्यासातील निष्कर्ष आपल्याकडच्या रुग्णांना थेट लावता येत नाहीत. ज्यांना आनुवंशिकतेवरच काम करायचे आहे, त्यांनी ‘ग्लोबल पार्किन्सन्स जेनेटिक्स प्रोग्रॅम’चे मोफत प्रशिक्षणही घ्यावे.

तरीही या डेटाचे मोल मोठे आहे. कंपवाताशी निगडित अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या चाचणीविषयीचा २०२३ मधील महत्त्वाचा शोधनिबंध याच अभ्यासातील १,१२३ सहभागींवर आधारलेला होता आणि त्यासाठी त्यांनी पाठीच्या कण्यातून द्रव काढू दिला होता. त्यांची ओळख शोधण्याचा प्रयत्न न करण्याची अट म्हणूनच मला अत्यंत रास्त वाटते. शोधनिबंध नियतकालिकाकडे धाडण्यापूर्वी पीपीएमआयच्या समितीला दाखवावा लागतो. प्रबंधाची मुदत जवळ असल्यास तेवढे दिवस आधीच हिशेबात धरावेत.