पाइप वाकवायला शिकताना: पीव्हीसी की लोखंडी?

विजेच्या तारा ज्यातून नेतात, त्या पीव्हीसी पाइपाचं काम एका दुपारात येतं. पाइपात त्याच मापाची स्प्रिंग घालायची, गुडघ्यावर टेकवून हळूहळू वाकवायचं. हवं त्यापेक्षा थोडं जास्तच, कारण सोडलं की पाइप मागे येतो. स्प्रिंग अडकली तर पीळ आवळेल अशा दिशेने फिरवून ओढायची. चुकलात तरी नुकसान किरकोळ.

लोखंडी कंड्युट, म्हणजे तारांचाच लोखंडी पाइप, मात्र घाम काढतं. इथे बेंडर, म्हणजे पाइप वाकवायचं हँडलवालं अवजार, लागतो आणि जोर हँडलपेक्षा पायाचा. पाय हलका पडला की पाइप चेपलाच. मग तारा ओढताना बोंबाबोंब. पाइपाच्या लांबीवर असलेली जोडाची शिवण बाजूला ठेवा, आतल्या किंवा बाहेरच्या वळणावर नको.

खरी मजा हिशेबात. बीम चुकवायला ५० मिमीची उडी (पाइप तेवढा बाजूला सरकून पुन्हा समांतर जाणं) हवी असेल, तर ३० अंशांच्या दोन वळणांच्या खुणांत १०० मिमी अंतर, म्हणजे दुप्पट. दुसरं वळण घेताना पाइप जरा फिरला, की तो भिंतीला सपाट बसत नाही. माझे पहिले चार तुकडे असेच भंगारात गेले.

घरातल्या भिंतीत गाडायचं असेल तर पीव्हीसी पुरे. वर्कशॉपमध्ये, जिथे धक्के बसतात, तिथे लोखंडीच. शिकायला? मी तर लोखंडीच सांगेन.