नामांतरापाशी तुटलेला इतिहास: गिटच्या आलेखसाधनाचा आठ महिन्यांचा अनुभव

प्रोग्रामच्या फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिट या प्रणालीतला इतिहास आलेखरूपात दाखवणारे एक सशुल्क साधन मी आठ महिने रोज वापरत आहे. वर्गणीच्या नूतनीकरणाची सूचना आली त्याच आठवड्यात त्याने माझे दोन दिवस वाया घालवले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

रकमांचे पूर्णांकन करणाऱ्या एका फंक्शनमधील चूक कोणत्या कमिटमध्ये (म्हणजे एकत्र नोंदवलेल्या बदलांच्या संचात) शिरली, हे मी शोधत होतो. त्या फाइलीच्या इतिहासात सर्वांत खाली ‘फाइल जोडली’ अशी नोंद होती आणि सदोष ओळ त्या पहिल्याच कमिटमध्ये दिसत होती. ते कमिट करणाऱ्या सहकारी बाईंना मी तसे कळवलेही. प्रत्यक्षात त्यांनी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवून तिचे नाव बदलले होते. चूक त्याच्या कितीतरी आधीची होती.

तेव्हा सगळा राग साधनावर निघाला, पण तो पूर्णपणे न्याय्य नव्हता. गिट नामांतराची नोंद ठेवतच नाही. जुन्या आणि नव्या फाइलींच्या मजकुराची तुलना करून ते नामांतर मागाहून ताडते, आणि त्यासाठी मूळ रचनेनुसार किमान ५० टक्के साम्य लागते. बाईंनी त्याच कमिटमध्ये निम्म्याहून अधिक मजकूर नव्याने लिहिला होता, त्यामुळे टर्मिनलवर (लिखित आज्ञा देण्याच्या खिडकीत) इतिहास दाखवणाऱ्या ‘गिट लॉग’ या आज्ञेला नामांतरापलीकडे माग काढणारा ‘फॉलो’चा पर्याय देऊनही इतिहास तिथेच थांबला, साम्याची मर्यादा ३० टक्क्यांवर आणली तेव्हा कुठे जुने नाव सापडले.

तरीही माझी मुख्य तक्रार कायम आहे. टर्मिनलवर ही मर्यादा मला बदलता येते, या साधनात ती कुठेच बदलता येत नाही. शिवाय जे केवळ अनुमान आहे ते येथे ठाम नोंदीसारखे दाखवले जाते. ‘याच कमिटमध्ये काढलेल्या अमुक फाइलीशी ३८ टक्के साम्य आहे’ एवढी एक ओळ तळाशी असती, तर मी त्या बाईंना विनाकारण दोष दिला नसता.

बाकी आलेख सुबक आहे, वेगाबद्दल तक्रार नाही, आणि मर्जच्या (शाखा एकत्र जोडण्याच्या) गुंत्यातून फक्त पहिल्या पालकाचा, म्हणजे ज्या शाखेत जोडणी झाली तिचा, धागा वेगळा काढण्याची सोय मला फार आवडते. परंतु गिटच्या प्रकल्पातच मिळणारे ‘गिटके’ हे आलेखसाधन जुनाट दिसत असले तरी विनामूल्य आहे, आणि पैसे मोजून घेतलेल्या साधनाने त्याच्यापेक्षा अधिक काही सांगावे ही अपेक्षा गैर नाही. साम्याची मर्यादा बदलण्याची सोय द्यावी, अशी मागणी मी निर्मात्यांकडे नोंदवली आहे आणि तूर्त वर्षाऐवजी एकाच महिन्याची वर्गणी भरली आहे.